पाणी पोचण्याआधी

तहान लागली, पाणी प्यायलो, तहान भागली. यात नवल करण्यासारखं काही दिसत नाही. नवल आहे ते वेळेचं. उन्हातून आलेला माणूस तांब्या तोंडाला लावतो, घटाघटा पितो, 'हुश्श' करून तांब्या खाली ठेवतो आणि त्या क्षणी त्याची तहान खरोखरच भागलेली असते. पण प्यायलेलं पाणी अजून पोटातच असतं. ते आतड्यात उतरणार, तिथून रक्तात शोषलं जाणार, मग दाटलेलं रक्त थोडं सैलावणार. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं तरी हवीत, पुष्कळदा जास्तच. म्हणजे ज्या उणिवेपायी तहान लागली ती उणीव जागच्या जागी आहे आणि तहान मात्र गेली. पाणी मिळण्याआधीच मेंदूने ते मिळाल्याचं मान्य करून टाकलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कोणीतरी आपल्या नकळत आपल्या नावाने सही केल्यासारखं वाटलं. शरीरात जे घडतं ते आपल्याला जाणवतं, असं आपण धरून चालतो. पण तहान काही रक्ताचा हिशेब वाचून दाखवत नाही, ती पुढचा अंदाज सांगते. लागते तीही अंदाजाने, भागते तीही अंदाजाने. आणि हे एकदा डोक्यात बसलं की ताप, घाम, धाप, मिरचीची आग, सगळ्यांकडे त्याच नजरेने बघितलं जातं. नागपूरसारख्या गावात राहिलं की बघायला सवडही भरपूर मिळते. मे महिन्यात सकाळी अकरापासून उन्हं कलेपर्यंत माणूस दुसरं करणार तरी काय!

रक्तातल्या पाण्याचं आणि क्षारांचं प्रमाण शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं. क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी मेंदूला खबर लागते. एरवी मेंदू सोवळ्यातला. रक्तातली हरेक वस्तू त्याच्या पेशींना शिवू नये म्हणून तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट विणलेल्या असतात. पण काही मोजक्या जागी हा बंदोबस्त ढिला ठेवलेला आहे. सबफोर्निकल ऑर्गन नावाची बारीकशी जागा त्यातली एक. तिथल्या पेशींना रक्ताचा खारटपणा थेट कळतो. मग हालचाली सुरू होतात. व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं, मूत्रपिंडं पाणी राखून धरतात, लघवी कमी आणि गडद होते. एवढं सगळं चाललेलं असताना मी खुर्चीत वर्तमानपत्र वाचत असतो. मला कोणी विचारत नाही, सांगत नाही.

पण मूत्रपिंडं पाणी वाचवू शकतात, तयार करू शकत नाहीत. पाणी स्वयंपाकघरातल्या माठात आहे आणि माठापर्यंत चालत जाणं कोणत्याही ग्रंथीच्या आवाक्यातलं नाही. तिथवर मलाच जावं लागतं. आतल्या आत निभावता येईल तेवढं शरीर मुकाट्याने निभावतं. जे निभत नाही तेवढ्यापुरतं ते मला हाक मारतं, आणि ती हाक अशी असावी लागते की वर्तमानपत्रात मन लागता कामा नये. अस्वस्थता म्हणतात ती हीच. तिच्यात सुख असतं तर मी उठलोच नसतो.

क्लॉद बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात सांगितलं की प्राण्याची खरी वस्ती बाहेरच्या हवेत नसून स्वतःच्या आतल्या द्रवात असते, आणि तो द्रव स्थिर राहिला तरच बाहेर मोकळेपणाने जगता येतं. पुढे वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये या स्थैर्याला 'होमिओस्टॅसिस' असं नाव दिलं आणि १९३२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, 'द विझ्डम ऑफ द बॉडी'. शरीराचं शहाणपण! नाव सुरेख आहे. पण त्यातून असं चित्र उभं राहतं की काहीतरी बिघडतं आणि मग शरीर ते पूर्वपदावर आणतं. शरीर इतकं थांबून राहत नाही. जेवायला बसल्यावर दोन घास पोटात जातात न जातात तोच पाण्याची आठवण होते, त्या घासांतलं मीठ रक्तात पोचायच्या कितीतरी आधी. अंथरुणातून उठायच्या आधीच्या घटकेला रक्तातलं कॉर्टिसॉल चढायला लागतं. १९८८ मध्ये स्टर्लिंग आणि आयर या दोघांनी या पुढचं पाहून चालण्यासाठी 'अ‍ॅलोस्टॅसिस' असा वेगळा शब्द काढला. शब्द काही जिभेवर रुळला नाही, पण मुद्दा मला पटतो.

तहानेच्या त्या आगाऊ समाधानाचा छडा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या झॅकरी नाइट यांच्या प्रयोगशाळेने लावला. २०१६ मध्ये त्यांनी तहानलेल्या उंदरांच्या मेंदूत त्याच सबफोर्निकल जागेतल्या पेशींची हालचाल उंदीर जागा असताना, पाणी पीत असताना टिपली. तहानेने जोरात चाललेल्या त्या पेशी पाणी प्यायला लागल्यावर मिनिटभराच्या आत शांत झाल्या. रक्तात अजून काहीच बदललेलं नव्हतं. मला त्यातला जास्त आवडलेला भाग असा, की तोंडाच्या आतला गारवा हीसुद्धा त्या पेशींना एक खूण असते. गार पाण्याने त्या लवकर निवतात. पाणी नको, नुसता थंड धातू तोंडात मिळाला तरी थोड्या निवतात. पुढे २०१९ मध्ये त्याच प्रयोगशाळेने दाखवलं की आतड्यातूनही एक निरोप मेंदूकडे जातो आणि प्यायलेलं खरंच पाणी होतं की खारट काही, हे तो सांगतो. म्हणजे आधी घसा घोट मोजतो, मग आतडं त्या घोटांची खातरजमा करतं. खारं पाणी प्यायलं तर घशाने दिलेलं समाधान टिकत नाही.

माठाच्या पाण्याची तृप्ती फ्रिजमधल्या बाटलीला नाही, असं आमच्याकडे अगदी ठामपणे सांगितलं जातं. त्याचं उत्तर काही उंदरांनी दिलेलं नाही. पण कोमट पाण्याचे दोन पेले पिऊनही जी तगमग उरते, ती माठाच्या अर्ध्या पेल्यात का जाते, एवढं तरी कळलं.

माठ गार होतो तो पाझरून. मडक्याच्या अंगातून पाणी बाहेर येतं, उडून जातं, आणि जाताना मडक्याची उष्णता घेऊन जातं. माझी कातडीही नेमकं तेच करते. अंगावर वीस लाखांहून जास्त घर्मग्रंथी आहेत. एक लिटर घाम पूर्ण उडून गेला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण ऐंशीच्या आसपास उष्णता निर्माण करतो, त्यावरून ही युक्ती किती जबर आहे ते लक्षात यावं. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की शरीराजवळ थंड व्हायचा दुसरा मार्गच उरत नाही. चंद्रपुरात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा वारासुद्धा अंग तापवायलाच येतो. तेव्हा सारी भिस्त घामावर.

ही भिस्त कुठवर पुरते, हे लंडनच्या काही मंडळींनी १७७४-७५ च्या सुमारास स्वतःवर ताडून पाहिलं. जॉर्ज फोर्डाइस नावाच्या डॉक्टरने खोल्या तापवून घेतल्या होत्या. त्यात चार्ल्स ब्लॅग्डेन, वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स वगैरे प्रतिष्ठित लोक शिरले. कोरड्या हवेत त्यांनी तापमान २६० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळजवळ १२७ सेल्सिअसपर्यंत नेलं. ब्लॅग्डेन तिथे काही मिनिटं राहून धडधाकट बाहेर आला. शेजारी ठेवलेली अंडी वीसेक मिनिटांत कडक झाली, मांसाचा तुकडा खरपूस भाजून निघाला. त्याच हवेत उभ्या असलेल्या माणसांच्या अंगाचं तापमान मात्र फारसं हललं नाही. एक कुत्रीही नेली होती म्हणतात, पाय भाजू नयेत म्हणून टोपलीत घालून. त्या कुत्रीचं मत कोणी नोंदवलेलं दिसत नाही.

यात कळीचा शब्द कोरडी हवा. हवेतच पाणी भरलेलं असेल तर घाम उडत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम वाया जातो. म्हणून मुंबईच्या पस्तीस अंशांत आम्ही नागपूरकर हैराण होतो आणि मुंबईचे पाहुणे आमच्या बेचाळीस अंशांना नुसतीच नावं ठेवतात. आमच्या खिडकीतला कूलर कोकणात नेऊन लावा, तो फक्त भिंतीला ओल आणेल. कूलर, माठ आणि मी, तिघांचं नशीब एकच.

सवयीचाही भाग आहे. फेब्रुवारी-मार्चमधली पहिली उन्हं जेवढी डाचतात तेवढं पुढचं मोठं ऊन डाचत नाही. आठवडा-दोन आठवडे उन्हात वावरलं की घाम लवकर फुटायला लागतो, जास्त येतो, आणि त्यातलं मीठ कमी होतं. रक्तातला द्रव वाढतो, हृदयाची धडधड उतरते. पुण्याहून मेमध्ये सुट्टीवर आलेला भाचा पहिले चार दिवस पंख्याखाली आडवा असतो. 'तुम्ही लोक राहता कसे?' असं विचारणारा तोच, सुट्टी संपत आली की भर दुपारी गच्चीवर पतंगाची घिरणी घेऊन. दरम्यान त्याच्या अंगात केवढी उलथापालथ झाली याची त्याला दादही नसते.

घामाबरोबर मीठ जातं, आणि इथे तहानेचा अंदाज थोडा चुकतो. उन्हात राबलेला माणूस नुसतं पाणी पीत सुटला तर रक्तातले क्षार पटकन विरळ होतात, मेंदू म्हणतो झालं, पुरे. पाण्याची तूट पुरती भरलेली नसते आणि तहान मात्र मिटलेली असते. म्हणून नुसत्या पाण्याऐवजी काहीतरी चिमूटभर मिठाचं हवं. आमच्या घरी या दिवसांत कैऱ्या चुलीच्या निखाऱ्यांत भाजायच्या. आता गॅसवर जाळी ठेवून भाजतात. साल काळं पडून तडकतं, आतला गर पिवळट, चिकट, वाफाळता होतो. तो हाताने कुसकरायचा, गूळ, मीठ, भाजल्या जिऱ्याची पूड घालायची आणि माठाच्या पाण्यात सारखं करायचं. पहिल्या घोटाला जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात आंबट कळ येते आणि तोंड लाळेने भरून येतं. तेवढ्यानेच निम्मी मरगळ जाते, पोटात काहीही पोचायच्या आत.

गूळ आणि मीठ एकत्र असण्यात आणखी एक मर्म आहे. ते उलगडलं १९६० मध्ये, जेव्हा रॉबर्ट क्रेन याने प्रागमधल्या एका परिषदेत सांगितलं की लहान आतड्याच्या पेशींत साखर आणि सोडियम जोडीने शिरतात. एकाला दुसऱ्याची सोबत लागते आणि त्यांच्यामागे पाणी जातं. कॉलऱ्यात आतडं पाणी बाहेर फेकत सुटतं, तहानेने जीव कासावीस होतो, आणि नुसतं पाणी प्यायलं तर तेही वाहून जातं. तिथे तहान खरं बोलत असते पण तिचं ऐकून उपयोग नसतो. मात्र साखर-मिठाचं ते जोडदार कॉलऱ्यातही उघडं राहतं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित सीमेवरच्या बनगावात लोटले, कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तिथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असं मिश्रण मोठ्या पिंपांतून वाटायला घेतलं. पाजायचं काम नातेवाइकांकडे दिलं. आया, बहिणी, भाऊ पेला घेऊन रोग्याच्या उशाशी बसले. छावणीत कॉलऱ्याने मरणाऱ्यांचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर मिळालं. भाजल्या कैरीच्या पन्ह्याला मी काही जीवरक्षक औषध ठरवत नाही, प्रमाणाचा फार फरक आहे. पण उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे आधी गुळाचा खडा आणि मग पाणी ठेवणाऱ्या घरांना आतड्याची वाट ठाऊक नसताना सापडली होती, एवढं म्हणायला हरकत नसावी.

उष्म्याशी झगडण्याचे हे मार्ग खर्चाचे आहेत. घामाला पाणी लागतं, मीठ लागतं. त्यापेक्षा सावलीत सरकणं केव्हाही स्वस्त. दुपारी आमच्या गल्लीतली कुत्री उभ्या मोटारींखाली शिरलेली असतात, नालीच्या ओल्या कडेला पोट टेकून. म्हशीला घर्मग्रंथी मुळात कमी, ती डोळ्यांपर्यंत डबक्यात. एकालाही कोणी शिकवलेलं नाही. नकोसं वाटतं, म्हणून ती सरकतात. आणि नकोसं वाटणं हाच जिथे सारा दवाखाना आहे असा एक प्राणी आहे, त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येच्या वाळवंटातली सरड्याच्या जातीची डेझर्ट इग्वाना. थंड रक्ताची. स्वतःची ऊब तिला करता येत नाही, कुडकुडता येत नाही. ऊन हवं तर उन्हात जायचं, नको तर दगडाखाली. मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये अशा इग्वानांना रोगजंतू टोचले आणि एका टोकाला गरम, दुसऱ्या टोकाला गार अशा जागेत सोडलं. आजारी इग्वाना नेहमीपेक्षा दोनेक अंश जास्त गरम जागी जाऊन बसल्या. म्हणजे त्यांनी ताप आणला, चालत जाऊन! पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की ज्या आजारी इग्वानांना गार जागीच ठेवलं त्या कितीतरी जास्त संख्येने मेल्या. सरड्याच्या मेंदूत तेव्हा नेमकं काय होत असेल, थंडी वाजल्यासारखं? त्याला ते सांगता येणार नाही, पण पाय ज्या दिशेला वळले त्यावरून तर्क करता येतो.

आपला तापही असाच येतो, फक्त आपण जागचे हलत नाही. जंतू शिरले की पांढऱ्या पेशींकडून निरोप जातो, मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य वाढतं आणि तिथला ठरलेला आकडा वर चढतो. काल सदतीस बरोबर वाटत होतं, आज मेंदूला एकोणचाळीस हवेत. अंग अजून सदतीसवरच आहे, तेव्हा मेंदूच्या लेखी ते थंडगार. म्हणून भर उन्हाळ्यात थंडी वाजते. लहानपणी मलेरियाच्या तापात हे मी पुष्कळ भोगलं आहे. बाहेर लू चालू आहे आणि मी दोन गोधड्यांखाली दात वाजवत पडलोय, गुडघे पोटाशी, नखं निळसर. आईचा हात कपाळाला लागला की ती म्हणायची, 'तवा झालाय नुसता.' माझे पाय मात्र बर्फ. हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळून शरीराने सगळी ऊब आत ओढून घेतलेली असते, स्नायू थरथरवून आणखी ऊब काढलेली असते, आणि गोधडी ओढायला मला लावलेलं असतं. एकोणचाळीस गाठले की थंडी थांबते, माणूस तापलेला पण निवांत पडतो. मग केव्हातरी आकडा खाली येतो, आता तेच एकोणचाळीस असह्य होतात, गोधड्या लाथाडल्या जातात आणि घाम फुटतो. बनियन पिळून काढावं असा. उशीच्या अभ्र्यावर डोक्याचा ओला ठसा. आई कोरड्या पंचाने पाठ पुसायची आणि तिच्या चेहऱ्यावर ताप उतरल्याचं माझ्याआधी दिसायचं.

अ‍ॅस्पिरिन हे प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये शोधलं. त्याबद्दल १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. गोळी अंग थंड करत नाही, ती वरचा आकडा उतरवते, मग अंग आपणहून थंड होतं. ताप चढत असताना कपाळावर गार पट्टी ठेवली की पोर आणखी कुडकुडतं ते यामुळे. पट्टी एकीकडे ओढत असते, मेंदू दुसरीकडे.

आता थोडं फसवणुकीबद्दल. आमच्या नागपुरात सावजी मटणाचा रस्सा ओरपताना कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, डोळ्यांखाली घामाचे थेंब जमतात. टेबलावर रुमालांची रास पडलेली असते, आणि कोणीही थांबत नाही. डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये मिरचीतलं कॅप्सायसिन कोणत्या प्रथिनाला जाऊन चिकटतं ते शोधलं. २०२१ च्या नोबेलपर्यंत ती गोष्ट गेली. त्या प्रथिनाचं मूळ काम भाजेल इतकी उष्णता ओळखण्याचं, साधारण त्रेचाळीस अंशांच्या पुढची. मिरची त्याला परस्पर उघडते. जिभेवर जाळ नसतोच, पण जाळाची वर्दी जाते आणि शरीर प्रामाणिकपणे घाम गाळून नसलेली आग विझवायला लागतं. भिवापुरी मिरचीच्या रश्श्यासाठी पैसे मोजून आपण ही खोटी वर्दी देववतो, वर 'अजून थोडा रस्सा' म्हणतो. माणूस सोडून दुसरा कुठला प्राणी स्वतःच्या धोक्याच्या घंटेशी असा खेळत असेल असं वाटत नाही.

विहिरीतला खेळ याहून घातक. उन्हाळ्यात पोहायला जमलेल्या पोरांत बुडी मारून तळाची माती वर आणायची पैज लागते. एखादा पोरगा उडीच्या आधी काठावर जोरजोरात दहा-बारा श्वास घेतो, दम साठवतोय असं समजून. रक्तात प्राणवायू आधीच जवळपास पुरता भरलेला असतो, त्यात फारशी भर पडत नाही. त्या श्वासांनी बाहेर जातो तो कार्बन डायऑक्साइड. आणि श्वास घ्यायची जी घुसमट होते ती प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये हे दाखवून दिलं होतं. आता पाण्याखाली त्या पोराला घुसमट उशिरा होणार. तेवढ्यात प्राणवायू इतका उतरू शकतो की शुद्धच हरपते. त्रास नाही, धडपड नाही. वर उभ्या असलेल्यांना वाटतं, काय दम आहे पोराचा! जुनी पोहणारी माणसं काठावर असले श्वास घेऊ देत नाहीत, हात धरून मागे ओढतात. कारण त्यांना सांगता येत नाही, पण त्यांनी कधीतरी काहीतरी पाहिलेलं असतं.

घुसमट गैरहजर राहिली तर हे होतं. तहानही गैरहजर राहू शकते, आणि तिचं गैरहजर राहणं फार हळू होतं. माझी मावशी ऐंशीच्या पुढे गेली आहे, माझ्याकडेच असते. नवतप्याच्या दिवसांत आमचा रोजचा संवाद ठरलेला.

"मावशी, पाणी पी."

"तहान नाही लागली."

"लागणारच नाही, म्हणून तर म्हणतो."

"हे कोणतं शास्त्र बाप्पा! तहान नाही तं पाणी काऊन प्यायचं?"

शास्त्र १९८४ चं आहे. ऑक्सफर्डच्या फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी सात तरुण आणि सात निरोगी वयस्कर पुरुषांना चोवीस तास पाण्याविना ठेवलं. वयस्करांचं रक्त जास्त दाटलं होतं, तरी त्यांना तहान कमी वाटली, पुढे पाणी ठेवल्यावर ते प्यायलेही कमी. वयाबरोबर घामही उशिरा फुटतो, मूत्रपिंडांची बचत ढिली पडते. ज्याला हाकेची सगळ्यात जास्त गरज, त्याच्यापर्यंत हाक सगळ्यात क्षीण पोचते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली तेव्हा त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ माणसं जास्त मेली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्मा कृती आराखडा केला, देशातला पहिला, आणि पुढे आमच्या नागपुरानेही तो रस्ता धरला. आधी इशारे द्यायचे, दुपारी बागा उघड्या ठेवायच्या, पाणपोया घालायच्या. आता सिग्नलवर हिरव्या जाळ्यांचं छतही दिसतं, स्कूटरवाले तेवढ्या सावलीसाठी पुढेमागे सरकून जागा करून देतात. एकाच्या अंगात जे सांभाळलं जात नाही ते चारचौघांनी बाहेरून सांभाळायचं. बनगावात पेला घेऊन उशाशी बसलेल्या बायाही दुसरं काय करत होत्या!

गंमत म्हणजे दुसऱ्याच्या तहानेत मावशी आजही पक्की आहे. कुरियरवाला पोरगा जिना चढून आला की ती त्याला दारात उभा ठेवत नाही. "बस आधी. घाम सुकू दे. आल्या आल्या ढोसू नको." मग गुळाचा खडा, मग तांब्या. त्याचं तोंड बघून दुसरा तांब्या आणायचा की नाही ते तिला कळतं. स्वतःच्या बाबतीत मात्र वाटाघाटी. पूजा झाल्यावर एक पेला, डाळ निवडून झाल्यावर एक, संध्याकाळच्या मालिकेतल्या पहिल्या जाहिरातीला एक, असं आम्ही ठरवलं आहे. ती अर्ध्या पेल्यावर तडजोड मागते, मी पाऊण म्हणतो. उरलेलं पाणी माझी पाठ फिरली की ती तुळशीत ओतते, हे मला तुळशीवरूनच कळलं. गल्लीतल्या सगळ्यांच्या तुळशी वाळून काटक्या झाल्या असताना आमची एकटीच हिरवीगार होती. तेव्हापासून मी पेला हातात देऊन समोरच बसतो, जाहिराती संपेपर्यंत.